अंधांचे संगणकशिक्षण व आपले कर्तव्य

आपल्या मराठी भाषेत विचारी माणसाला 'डोळस' म्हणण्याची रीत आहे. उलट कोठे गोंधळ माजला की तो 'आंधळा कारभार' ठरतो, आणि एकाच्या कष्टाचे फळ दुसऱ्यानेच लाटले तर 'आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते' असे आपण सहज बोलून जातो. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. परंतु पिढ्यानुपिढ्या असे बोलत राहिल्याने दृष्टी आणि बुद्धी ह्या दोन्ही गोष्टी एकच होत, असा समज आपल्या मनात नकळत रुजून बसला आहे. ह्या वर्षी तो समज आमच्यापुरता तरी मुळासकट उपटला गेला. तो कसा, हे सांगावे आणि त्यावरून आम्हांस जे सुचले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

समा-सावली रस्त्यावरून आत वळले की ज्या अनेक सोसायट्या लागतात, त्यांपैकी एकीत एक मराठी कुटुंब राहते. तेथील कर्ते गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे 'काका' म्हणतो, पंधरा वर्षे संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे काम करीत होते. आज्ञावली म्हणजे संगणकाने काय करावयाचे ते त्याला क्रमवार सांगणारे लेखन. व्यवहारात आपण तिला प्रोग्राम म्हणतो. काचबिंदूने काकांची दृष्टी हळूहळू हिरावून नेली. हा रोग मोठा कपटी आहे. तो दुखत नाही, खुपत नाही. दृष्टीच्या कडा कुरतडत आत येतो आणि एकदा गेलेली दृष्टी परत देत नाही. कार्यालयात त्यांना काही महिने नुसते बसवून ठेवले गेले, आणि त्या रिकाम्या बसण्याला कंटाळून त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. ह्या गोष्टीला आता सहा वर्षे झाली.

स्नेहसंमेलनाची वर्गणी मागावयास आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. वर्गणी हाती ठेवून ते म्हणाले, "तुम्ही शाळेत संगणक शिकता ना? मग एक काम करा. मी एक पाठमाला विकत घेतली आहे. तिच्यात तो शिक्षक काय दाखवतो आहे, तेवढे मला सांगा." आम्ही आनंदाने बसलो. पडद्यावर चलच्चित्र सुरू झाले. शिक्षक उत्साहाने बोलत होता: आता आपण येथे हे लिहू, मग इकडचे हे काढून टाकू, आणि हे बटण दाबू, पाहा, किती सोपे आहे! काका हसून म्हणाले, "सोपे आहे, एवढे मात्र कळले."

त्या हसण्यामागे काय होते ते आम्हांला पुढील काही रविवारी समजले. सहा वर्षांनंतर आपल्या व्यवसायात परतावे असे काकांनी ठरविले होते. त्यांना कोणाचा आधार नको होता, पगारी काम हवे होते. त्यासाठी मधल्या काळात बदललेले तंत्र शिकून घेणे अवश्य होते. शिकण्याची तयारी होती, वेळ होता, पैसाही त्यांनी खर्च केला होता. पुस्तक मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते.

येथे वाचकांच्या मनात एक प्रश्न येईल, जो आमच्याही मनात आला होता: ज्याला दिसत नाही तो संगणक चालवितो तरी कसा? उत्तर अगदी साधे आहे. संगणकात 'स्क्रीन-रीडर' नावाची एक आज्ञावली असते. पडद्यावर जी अक्षरे असतील ती ती मोठ्याने वाचून दाखविते. माऊस लागत नाही. सारा व्यवहार कळफलकावरून होतो. सवय झाली की ऐकण्याचा वेग इतका वाढविता येतो की आपल्यासारख्या नवख्याला ती भाषा मराठी आहे की इंग्रजी हेसुद्धा उमगत नाही. ज्यांना ब्रेल येते ते एक वेगळी पट्टीही जोडतात. तिच्यावर बारीक ठिपके खालीवर होऊन एक एक ओळ बोटांखाली उमटते. कंस, अवतरणचिन्ह, अर्धविराम ही चिन्हे आज्ञावलीत फार महत्त्वाची असतात. तीही सारी वाचून घेता येतात.

काही संगणकभाषांत ओळीच्या आरंभी सोडलेल्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. शाळांतून शिकविली जाणारी पायथन ही अशीच भाषा आहे. ही मोकळी जागा कानाने कशी कळावी? त्याचीही सोय आहे. एनव्हीडीए नावाच्या स्क्रीन-रीडरमध्ये तशी योजना करून घेतली की ओळ जितकी आत सरकेल तितका एक सूर उंच वाजतो. डोळ्याला जी पायरी दिसते ती कानाला सुराच्या रूपाने ऐकू येते.

ह्याचा प्रत्यय आम्हांस लवकरच आला. क्रीडामहोत्सवात प्रत्येक वर्गाच्या गुणांची बेरीज करण्यासाठी आम्ही एक लहानशी आज्ञावली लिहिली होती. ती प्रत्येक वर्गाला केवळ शेवटच्या खेळाचे गुण देत होती. आधीचे सारे गुण कोठे नाहीसे होत होते ते कळेना. आम्ही तिघांनी दोन दिवस पडद्याकडे टक लावून पाहिले. अखेर ती काकांकडे पाठविली. त्यांनी ती एकदा ऐकली, दुसऱ्यांदा सावकाश ऐकली, आणि म्हणाले, "बेरीज शून्य करणारी ओळ तुम्ही फेऱ्याच्या आत घातली आहे. तिचा सूर खालच्या ओळीइतकाच उंच लागतो. प्रत्येक खेळाला तुम्ही पाटी पुसता आणि मग गुण लिहिता. तिला बाहेर काढा." आम्ही ती ओळ बाहेर काढली आणि बेरीज बरोबर आली. सहा डोळ्यांना जे दिसले नाही ते दोन कानांनी ऐकले होते. लेखाच्या आरंभी ज्या समजाविषयी आम्ही लिहिले, तो त्या दिवशी गळून पडला.

विचार केला तर ह्यात नवल करण्यासारखे काही नाही. आज्ञावली म्हणजे शेवटी मजकूरच. तिला रंग नाही, चित्र नाही. अक्षरे आहेत आणि तर्क आहे. म्हणून ज्याला दिसत नाही अशा माणसासाठी जे व्यवसाय स्वाभाविक ठरतात, त्यांत आज्ञावलीलेखनाची गणना झाली पाहिजे. इतिहासही हेच सांगतो. डॉ. टी. व्ही. रामन हे पुण्यात वाढले. वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूनेच त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात त्यांनी गणिताचा अभ्यास केला, मुंबईच्या आय.आय.टी.त संगणकशास्त्राची पदवी मिळविली, आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात संशोधन केले. गणिताची अवघड सूत्रे कानाला नीट समजतील अशा रीतीने संगणकाकडून कशी वाचून घ्यावी, हाच त्यांच्या १९९४ सालच्या प्रबंधाचा विषय होता. १९९५ साली त्यांनी 'इमॅकस्पीक' नावाची आज्ञावली जगापुढे ठेवली. तिच्यामुळे आज्ञावली लिहिण्याचे संपूर्ण काम बोलत्या संगणकावर करता येऊ लागले. स्वतःला जे साधन हवे होते ते त्यांनी स्वतःच घडविले आणि मग सर्वांना देऊन टाकले.

परतून येणाऱ्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील टेड हेन्टर हे अभियंते आणि मोटारसायकलच्या शर्यतीतील खेळाडू होते. १९७८ साली मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर त्यांनी नव्याने शिक्षण घेऊन आज्ञावलीलेखन आत्मसात केले, १९८७ साली एक लहान कंपनी काढली, आणि तिच्यातून 'जॉज' हा स्क्रीन-रीडर निर्माण झाला. आजही जगभर तो वापरला जातो. परंतु त्याची किंमत सामान्य माणसाला परवडणारी नव्हती. ती उणीव ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी भरून काढली. मायकेल करन ह्यांनी २००६ साली एनव्हीडीएच्या कामास आरंभ केला आणि जेम्स तेह हे त्यांना येऊन मिळाले. हा स्क्रीन-रीडर कोणालाही विनामूल्य मिळतो. त्याचा आवाज मराठी आणि गुजरातीही बोलू शकतो. वर ज्या सुराचे वर्णन केले तो ह्याच आज्ञावलीतला. आणि ही आज्ञावली स्वतः बव्हंशी पायथन भाषेतच लिहिलेली आहे.

अंध माणसाला हे काम जमेल काय, ह्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा कधीच मिळालेले आहे. आता प्रश्न एवढाच उरतो की, ज्यांना हे जमते त्यांच्या वाटेत अडथळा कोणता? आमचे म्हणणे असे की, अडथळा शिकण्याच्या साधनांत आहे, आणि तो माणसांनीच, बहुधा निष्काळजीपणाने, निर्माण केलेला आहे.

काकांबरोबर बसून आम्ही ह्या अडथळ्यांची एक यादीच केली. पहिला अडथळा 'हे', 'ते', 'इकडे', 'असे' ह्या शब्दांचा. शिक्षक बोलतो पुष्कळ, पण नाव घेत नाही. दुसरा अडथळा चित्राचा. पाठात आज्ञावलीचा नमुना मजकूर म्हणून न देता त्याचे छायाचित्र दिलेले असते. स्क्रीन-रीडर तेथे येतो, 'चित्र' एवढाच शब्द उच्चारतो आणि पुढे जातो. तिसरा अडथळा माऊसचा. उजळणीसाठी जी प्रश्नोत्तरे असतात त्यांत उत्तर उचलून चौकटीत ओढावयाचे असते. कळफलकावरून ते होतच नाही. चौथा अडथळा आकृत्यांचा. मोठ्या आज्ञावलीची रचना समजाविण्यासाठी बाण आणि चौकोन काढतात, परंतु कोणता बाण कोठून कोठे जातो हे शब्दांत कोणी लिहीत नाही.

व्यवसायात परतणाऱ्या माणसाची अडचण ह्याहून थोडी वेगळी आणि अधिक बिकट असते. अगदी नवशिक्या मुलासाठी जे धडे असतात ते त्याला नकोत. संगणक म्हणजे काय येथपासून आरंभ करणे त्याला जाचक वाटते. जाणत्यांसाठी जे धडे असतात ते दृष्टी गृहीत धरून लिहिलेले असतात. शिवाय त्याला एकाच वेळी दोन विद्या शिकाव्या लागतात. एक, गेल्या सहा वर्षांत बदललेले तंत्र. आणि दुसरी, जे पूर्वी डोळ्यांनी आणि माऊसने करीत होतो ते आता कानांनी आणि कळफलकाने करण्याची. चूक झाली तर ती नव्या तंत्रातली की स्क्रीन-रीडर वापरण्यातली, हे त्याला ठरविता येत नाही. एका संध्याकाळी काका म्हणाले, "मला काय येत नाही हे मला ठाऊक आहे. ते कोठे शिकावे हे ठाऊक नाही." अशा माणसासाठी बेताची, मजकुराच्या रूपातली, जाणत्याला उद्देशून लिहिलेली आणि प्रत्येक कृती कळफलकावरून सांगणारी पाठमाला असावी, अशी त्यांची साधी मागणी आहे. मराठीत तर अशा लेखनाची गरज फारच मोठी आहे. कारण पुष्कळ मराठी माणसांना तंत्र कठीण वाटत नाही, परकी भाषा कठीण वाटते.

ही मागणी अशक्य कोटीतली नाही. 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' नावाचे आज्ञावली लिहिण्याचे एक साधन आज अतिशय प्रचलित आहे. त्यात दोन कळा एकत्र दाबल्या की अंध वापरकर्त्यासाठी लिहिलेली मदत मजकुराच्या रूपात समोर येते, आणि ओळीत चूक असेल तेथे ध्वनी वाजविण्याचीही सोय त्यात आहे. जे साधन बनविणाऱ्यांना सुचले ते त्यावर धडे लिहिणाऱ्यांना का सुचू नये?

ह्या ठिकाणी आम्हांस आपल्या बडोद्याची आठवण होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. परंतु शाळा काढून ते थांबले नाहीत. शाळेत शिकलेली अक्षरे पुढे वाचावयास पुस्तक मिळाले नाही तर विसरली जातात, हे त्यांनी ओळखले. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांस बोलावून घेतले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास आरंभ केला. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून गावोगाव पाठविण्यात येऊ लागली. खेड्यातील शेतकऱ्याने पुस्तकासाठी बडोद्यास यावे, असे महाराज म्हणाले नाहीत. पुस्तकाने त्याच्या गावी जावे, अशी त्यांनी व्यवस्था केली.

आमच्या मते अंधांच्या शिक्षणाचे सारे तत्त्व ह्या फिरत्या पेटीत आहे. वाचक पुस्तकापर्यंत पोहोचू शकत नसेल तर दोष वाचकाचा नव्हे. पुस्तकाने आणखी एक पाऊल पुढे गेले पाहिजे. पूर्वी ते पाऊल कोसांत मोजावे लागत असे. आज मजकूर योग्य रूपात लिहिला, तर ते केव्हाच पडून जाते.

कायदाही आता ह्याच बाजूस आहे. आपल्या देशाने २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती करून अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात पुस्तके तयार करण्यास मोकळीक दिली. अंधांसाठी पुस्तकांची देवघेव देशोदेशी सुलभ व्हावी म्हणून २०१३ साली माराकेश येथे जो करार झाला, त्यास मान्यता देणारा पहिला देश भारतच होय. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे अंधांसाठीचे संगणकावरील ग्रंथालय सुरू झाले. त्याच वर्षी झालेल्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याने असे ठरविले की, सरकारी नोकरीत असताना कोणास अपंगत्व आले तर त्यास कामावरून काढता येणार नाही. ते काम त्याला जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे द्यावे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संगणकीय सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. कायद्याने दार उघडले आहे, हे खरे. परंतु उघड्या दारातून आत गेल्यावर वाचावयास काही असले पाहिजे, आणि ते लिहिण्याचे काम न्यायालय करीत नाही.

ह्यावर काही आक्षेप आम्ही ऐकले आहेत. त्यांचा विचार करणे योग्य होईल.

कोणी म्हणतात, अशी माणसे थोडी; थोड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? ह्यावर आमचे उत्तर असे की, नीट लिहिलेला पाठ थोड्यांनाच उपयोगी पडत नाही. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला फळा दिसत नाही तेव्हा शिक्षकांनी शब्दांत सांगितलेलेच त्याच्या कामी येते. आजीला चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही. स्वस्त फोनवर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला लांबलचक चलच्चित्र परवडत नाही, मजकूर परवडतो. आणि उद्या आपली दृष्टी कशी असेल ह्याची हमी आपणांपैकी कोणाजवळ आहे? काकांनाही सात-आठ वर्षांपूर्वी ती आहे असेच वाटत होते.

दुसरा आक्षेप आजकाल फार ऐकू येतो. कृत्रिम बुद्धिमत्ता आता चित्रांचेही वर्णन करते. मग निराळी तजवीज कशास हवी? ह्या साधनांचा उपयोग होतो, हे आम्ही नाकारीत नाही. काका स्वतः ती वापरतात. परंतु एकदा चित्रातील आज्ञावली वाचून दाखविताना त्या साधनाने एक कंसच गाळला. पाहू शकणाऱ्याला ती चूक चित्राशी ताडून पाहता येते. ज्याला दिसत नाही त्याने ती कशाशी ताडावी? काकांची एक दुपार त्या कंसाच्या शोधात गेली. लिहिणाऱ्याने मुळात मजकूर दिला असता तर हा द्राविडी प्राणायाम वाचला असता.

तिसरा आक्षेप प्रेमाचा आहे, म्हणून तो अधिक फसवा आहे. मुले येतात, वाचून दाखवितात, आणखी काय हवे? आम्ही वाचून दाखविले आणि पुढेही दाखवू. परंतु आमच्या परीक्षा आल्या तेव्हा तीन आठवडे आम्ही गेलो नाही, आणि काकांचा अभ्यास तीन आठवडे थांबला. दुसऱ्याच्या सवडीने शिकणे ही शिक्षणाची स्थिती नव्हे. रात्री अकरा वाजता शंका आली तर रात्री अकरा वाजताच पुस्तक उघडता यावे. आपणां सर्वांना ते उघडता येते. अंध व्यक्तीच्या जिद्दीचे आपण तोंडभरून कौतुक करतो, पण कौतुकाने कोणाचा धडा पुरा होत नाही.

आता इतरांचे दोष दाखविताना स्वतःचाही हिशेब मांडला पाहिजे. आरंभी आम्ही काकांना मदत म्हणून आमच्या वहीतील पानांची छायाचित्रे पाठविली. त्यांच्या संगणकाने ती सारी 'चित्र, चित्र, चित्र' अशी वाचली. मग आम्ही मोठ्या अभिमानाने शाळेच्या मागील वार्षिक अंकाची प्रत संगणकावरून पाठविली. ती उघडताच स्क्रीन-रीडर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ ओढू लागला. तो अंक युनिकोडपूर्वीच्या जुन्या टंकात जुळविला होता. त्या टंकात डोळ्याला मराठी अक्षर दिसते; संगणकाच्या पोटात मात्र भलतेच अक्षर साठविलेले असते. ज्या अंकात आम्ही 'ज्ञानाचा प्रकाश घरोघरी' अशा विषयांवर निबंध लिहिले, तो अंक आमच्याच शेजारच्या घरात मुका होता. ह्याची आम्हांस लाज वाटली, आणि त्या लाजेतूनच हा लेख जन्मला.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरविल्या आहेत, आणि आमच्या बंधुभगिनींनीही त्या कराव्या अशी विनंती आहे. एक, संगणकाच्या टिपणांतील आज्ञावली कोणाला पाठवावयाची असेल तर तिचे छायाचित्र न पाठविता मजकूर पाठवावा. दोन, टिपणाला शीर्षके द्यावीत, आणि ती नुसती ठळक अक्षरांत न लिहिता शीर्षक म्हणून नोंदवावीत. कारण तशी नोंद असली की वेबपानावर स्क्रीन-रीडर वापरणारा वाचक केवळ 'एच' ही एक कळ दाबून पुढल्या शीर्षकावर उडी घेतो. नसली तर त्याला सारे पान पहिल्या शब्दापासून ऐकत बसावे लागते. तीन, आकृती काढली तर तिच्याखाली चार वाक्यांत तिचे वर्णन लिहावे. असे वर्णन लिहू लागल्यावर ती आकृती आपणांलाच पुरती कळलेली नाही, असे आम्हांस दोनदा आढळून आले. चार, आपण कोणाला काही दाखवून शिकवीत असलो तर 'हे' आणि 'ते' टाळून वस्तूचे नाव घ्यावे. पाच, मराठी मजकूर नेहमी युनिकोडमध्येच लिहावा.

शाळेच्या चालकांस आमची नम्र विनंती अशी की, संगणककक्षातील निदान दोन यंत्रांवर एनव्हीडीए बसवावा. त्यास एक रुपयाही खर्च नाही. पडदा झाकून, माऊस बाजूला ठेवून प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एकदा तरी एक धडा केवळ कानांनी करून पाहावा. आपण लिहिलेला मजकूर दुसऱ्यास कसा ऐकू येतो, हे त्याशिवाय कळत नाही. तसेच हा वार्षिक अंक यंदा युनिकोडमध्ये जुळवून, शीर्षकांसह, संगणकावर वाचता येईल अशा रूपातही द्यावा. आणि पालकांपैकी जे स्वतः ह्या व्यवसायात आहेत, आणि आपल्या बडोद्यात ते थोडे नाहीत, त्यांनी आठवड्यास एक तास काढून परतणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल असा एखादा पाठ मराठीत लिहावा. वर्षाला पन्नास तास होतात. दहा जणांनी हे केले तर एक सुरेख पाठमाला उभी राहील, आणि ती समा गावापुरती न राहता पुणे, नागपूर, बेळगाव, जेथे जेथे मराठी ऐकणारा कान आहे तेथे तेथे जाईल. तीच आपली आजची फिरती पेटी.

काकांविषयी वाचकांना उत्सुकता असेल. आमच्यापैकी दोघांनी त्यांच्या सांगण्यावरून त्या विकतच्या पाठमालेचे पहिले बारा धडे मजकुराच्या रूपात लिहून काढले. ते त्यांनी नऊ दिवसांत संपविले आणि त्यांत आमच्या सात चुका दाखवून दिल्या. आता ते स्वतःच पुढील धडे लिहीत आहेत. आपल्यामागून येणाऱ्यास ते उपयोगी पडावेत, असा त्यांचा मानस आहे. ह्या जानेवारीत त्यांनी नोकरीसाठी चार ठिकाणी अर्ज पाठविले. एका ठिकाणाहून नकार आला. तीन ठिकाणची उत्तरे यावयाची आहेत. ती काय येतील हे आमच्या हाती नाही. परंतु पुस्तक मिळाले नाही म्हणून तो अर्ज राहिला, असे ह्यापुढे कोणाच्या बाबतीत घडू नये, हे मात्र पुष्कळ अंशी आपल्याच हाती आहे.

हा लेख छापून येईल तेव्हा आम्ही तो काकांकडे पाठवू. ह्या खेपेस तो त्यांना वाचता येईल.